क्रूझच्या शोअर एक्सकर्शन आधीच बुक कराव्यात का? भूमध्य समुद्रातल्या क्रूझबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रूझचं बुकिंग होतं, शेंगेन व्हिसाची फाइल जमा होते आणि मग क्रूझ कंपनीचे ईमेल सुरू होतात: शोअर एक्सकर्शन, म्हणजे बंदरावर उतरून करायच्या सहली, आत्ताच बुक करा, जागा संपत आल्या आहेत. एकेका बंदराला पंधरा-वीस पर्याय, दर युरोमध्ये आणि तेही माणशी. घरात दोन तट पडतात. एक म्हणतो सगळं आधीच उरकून टाका, दुसरा म्हणतो तिथं गेल्यावर बघू. बार्सिलोना, मार्से, जिनोआ, लिव्होर्नो, चिवितावेक्किया, नेपल्स अशी सात रात्रींची फेरी करायला निघालेल्या घरांमधून जे प्रश्न हमखास येतात त्यांची उत्तरं इथे आहेत. माझं मत आधीच सांगते: हा निर्णय सबंध क्रूझसाठी एकदम घेऊ नका. तो बंदरागणिक वेगळा असतो.

शोअर एक्सकर्शन घेणं सक्तीचं आहे का?

नाही. जहाज बंदराला लागलं की क्रूझ कार्ड (जहाजानं दिलेलं ओळखपत्र) स्कॅन करून कुणीही खाली उतरू शकतं. शोअर एक्सकर्शन म्हणजे त्या दिवसापुरती सहल: बस, गाइड, कधी प्रवेशतिकीट, कधी जेवण. ती क्रूझ कंपनीकडून घेता येते, स्थानिक टूरवाल्याकडून घेता येते किंवा आपली आपण करता येते. जहाजावरच बसून राहिलात तरी कुणी काही म्हणत नाही. उलट त्या दिवशी स्विमिंग पूल मोकळा मिळतो.

मग कुठल्या बंदराचं आधी बुक करायचं, हे ठरवायचं कसं?

बंदराचं नाव आणि आपल्याला बघायचं ते ठिकाण, या दोन्हींमधलं अंतर आधी नकाशावर बघा. क्रूझच्या कागदावर ‘रोम’ छापलेलं असतं, पण जहाज लागतं चिवितावेक्कियाला आणि तिथून रोम सुमारे ८० किलोमीटर आहे. ‘फ्लॉरेन्स/पिसा’ म्हणजे लिव्होर्नो. तिथून पिसा जवळ, पण फ्लॉरेन्स सुमारे ९० किलोमीटर.

अंतर कळलं की त्या ठिकाणाला वेळेचं तिकीट, म्हणजे ठरलेल्या वेळेलाच आत सोडणारं, लागतं का ते बघा. कोलोसियम, व्हॅटिकन म्युझियम, नेपल्सजवळचं पॉम्पेई हे प्राचीन शहर, बार्सिलोनाचं साग्रादा फामिलिया चर्च या ठिकाणी ‘दारात जाऊन तिकीट काढू’ हा बेत हंगामात बहुतेक वेळा फसतो. साग्रादा फामिलियाची तिकिटं तर ऑनलाइनच मिळतात.

अंतर मोठं आणि तिकीट वेळेचं, अशी दोन्ही अडचण असेल तिथे आधी बुक करा. दोन्ही नसेल तिथे पैसे अडकवू नका. एकच अडचण असेल तर आपल्यासोबत कोण आहे आणि आपल्याला स्वतःहून फिरायची किती सवय आहे, त्यावर ठरवा.

रोमसाठी काय करावं?

सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त मनस्ताप याच बंदरात होतो, म्हणून जरा सविस्तर.

समजा जहाज सकाळी ७ ला लागलं आणि संध्याकाळी ७ ला सुटणार आहे. वाचायला बारा तास वाटतात. पण गँगवे (जहाजातून उतरायची वाट) उघडायला वेळ जातो, मग बंदराची शटल बस, मग स्टेशन, मग साधारण तासाभराची ट्रेन. जहाजात परत चढायची शेवटची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी असते. जायला दोन आणि यायला दोन तास धरले, वर थोडी सवड ठेवली, तर रोममध्ये प्रत्यक्ष सहा-सात तास हातात उरतात. एवढ्यात व्हॅटिकन म्युझियम आणि कोलोसियम दोन्ही आतून बघण्याचा अट्टहास केला तर दोन्हीकडे नुसती धावपळ होते. एक आतून बघा, दुसरं बाहेरून.

ट्रेननं स्वतः जायचं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. व्हॅटिकनला जाणाऱ्यांनी शेवटपर्यंत म्हणजे तेर्मिनी या मुख्य स्टेशनापर्यंत जाऊ नये. लोकल गाडी रोमा सान पिएत्रो स्टेशनवर थांबते, तिथून सेंट पीटर्स चौक पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. कोलोसियमला जायचं असेल तर रोमा ओस्तिएन्से स्टेशनवर उतरून शेजारच्या पिरामिदे स्टेशनवरून मेट्रो घ्यावी. अर्धा-पाऊण तास वाचतो.

तिकिटांचं गणित वाराशी बांधलेलं आहे. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते सकाळी उघडतं, तेही फुकट, आणि म्हणूनच तेव्हा रांग अफाट असते. बुधवारी सकाळी पोपची जाहीर सभा असली की सेंट पीटर्स चर्चमध्ये जाणं दुपारपर्यंत अडू शकतं. कोलोसियमचं तिकीट २०२३ पासून नावानिशी मिळतं, त्यामुळे पासपोर्टवर आहे तसंच नाव द्या. ‘बाबा’, ‘आई’ असं घाईत टाइप करून चालत नाही. ही तिकिटं साधारण महिनाभर आधी खुली होतात आणि उन्हाळ्यात पटापट संपतात.

क्रूझ कंपन्यांकडे आणखी एक पर्याय असतो, तो फार लोक बघतच नाहीत: ‘रोम ऑन युअर ओन’. कंपनीची बस तुम्हाला बंदरातून उचलून रोममध्ये सोडते आणि ठरल्या वेळी परत आणते. मधले तास तुमचे. गाइड नाही, तिकीट नाही, म्हणून पूर्ण सहलीपेक्षा बरीच स्वस्त. आणि बस ट्रॅफिकमध्ये अडकली तर ती जबाबदारी जहाजाची. पहिल्यांदाच रोम बघणाऱ्या, इंग्रजी जमणाऱ्या आणि चालायची तयारी असलेल्या कुटुंबाला मी हाच पर्याय सुचवते. बस घ्या आणि एका ठिकाणाचं तिकीट स्वतः काढा. मात्र ते तिकीट बस पोचण्याच्या वेळेनंतर निदान तासाभराचं असू द्या.

नेपल्सला उतरून पॉम्पेईला आपलं आपण जाता येतं का?

येतं, आणि रोमपेक्षा सोपं आहे. क्रूझ टर्मिनलसमोरच म्युनिचिपिओ मेट्रो स्टेशन आहे. तिथून गारिबाल्दी, आणि गारिबाल्दीहून चिर्कुमवेसुवियाना ही लोकल गाडी. ‘पॉम्पेई स्कावी’ स्टेशनवर उतरलात की प्रवेशद्वार दोन-चार मिनिटांवर. गाडीचा प्रवास साधारण ३५-४० मिनिटांचा. गाडी जुनी, उन्हाळ्यात खचाखच भरलेली आणि पाकीटमारांसाठी बदनाम. मुंबईच्या लोकलची सवय असलेल्यांना तिचं काही वाटणार नाही, फक्त पाठीवरची सॅक पोटावर घ्या.

पण तिकीट आधी काढा. नोव्हेंबर २०२४ पासून पॉम्पेईत दिवसाला जास्तीत जास्त २०,००० लोकांनाच सोडतात आणि तिकीट नावानिशी असतं. शेजारच्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या विवरापर्यंत चढायचं असेल तर त्याचंही तिकीट ऑनलाइनच घ्यावं लागतं. पॉम्पेई आणि व्हेसुव्हियस एकाच दिवसात करायचं असेल तर सरळ सहल घ्या. स्वतःहून करताना बसच्या वेळा जुळवण्यातच दिवस जातो.

पॉम्पेईत मात्र गाइड हवाच, असं माझं ठाम मत आहे. गाइडशिवाय ती नुसती दगडी भिंतींची रांग वाटते. गाइड दाखवतो तेव्हा रस्त्याच्या मधोमध ठेवलेले ते उंच दगड दिसतात, पावसापाण्यात पाय न भिजता रस्ता ओलांडण्यासाठीचे. त्यांच्यामधल्या फटीतून गाड्यांची चाकं जायची आणि त्या चाकांनी दगडात पाडलेले खोल चर आजही हाताला लागतात. दुकानांच्या ओट्यात बसवलेले खाद्यपदार्थांचे रांजण, भिंतीवर रंगवलेल्या निवडणुकीच्या जाहिराती, हे सगळं इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं तेव्हापासून तसंच आहे.

नेपल्सजवळच्या काप्री बेटाचा बेत असेल तर एक सावधगिरी: समुद्र खवळला की फेरीबोटी बंद होतात. जाताना चालू असलेली बोट येताना बंद, अशी वेळ आली तर आपल्या जबाबदारीवर गेलेल्यांची पंचाईत होते. काप्रीची सहल जहाजाकडूनच घेतलेली बरी.

लिव्होर्नोला फ्लॉरेन्स करावं की पिसा?

सोमवार असेल तर आधी विचार करा. फ्लॉरेन्सची दोन्ही मोठी कलासंग्रहालयं, उफीझी आणि डेव्हिडचा पुतळा असलेली अकादेमिया, सोमवारी बंद असतात. चित्रं-शिल्पं बघायचीच असतील तर हे क्रूझची तारीख निवडतानाच पाहायला हवं. लहान मुलं सोबत असतील तर पिसा पुरे. ट्रेननं वीसेक मिनिटं, मोकळं हिरवं मैदान आणि फोटो. मनोऱ्यावर चढण्याचं तिकीट वेळेचं असतं आणि आठ वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत.

कुठे काहीच बुक करायला नको?

जिनोआ: बंदरातून बाहेर पडलं की जुनं शहर आणि मत्स्यालय पायी अंतरावर. सिसिलीतलं पालेर्मो: तिथेही जुनं शहर पायी अंतरावर. माल्टाचं व्हॅलेटा: जहाज तटबंदीच्या पायथ्याशी लागतं आणि अप्पर बाराक्काची लिफ्ट थेट वर शहरात नेते. मॉन्टेनेग्रोचं कोतोर: उतरलात की समोर जुन्या शहराची वेस. ला स्पेत्सियाहून चिंक्वे तेर्रेच्या गावांना ट्रेननं जाता येतं, पहिलं गाव रियोमाज्जोरे दहा मिनिटांच्याही आत येतं. नेपल्स शहरच बघायचं असेल, पिझ्झा खायचा असेल, तर तिथेही काही लागत नाही.

मार्सेला जहाज शहरापासून लांब लागतं, तेव्हा शटलचं तेवढं बघून ठेवा.

वेळेत परतलो नाही तर जहाज खरंच सोडून जातं?

जातं. बंदरात जागेचं भाडं तासांवर असतं, पुढच्या बंदराची वेळ ठरलेली असते, आणि चार-पाच हजार प्रवाशांना दोन जणांसाठी ताटकळत ठेवत नाहीत.

क्रूझ कंपनीनं विकलेल्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं, किंवा थांबणं शक्यच नसलं तर कंपनी आपल्या खर्चानं पुढच्या बंदरावर पोचवते. जास्तीच्या दरात खरं तर हीच हमी विकत घेतलेली असते. बाहेरच्या टूरला ही हमी नाही. ‘आम्ही जहाज चुकू देत नाही’ असं टूरवाल्यानं लिहिलेलं असलं, तरी थांबायचं की नाही हे कप्तान ठरवतो.

मागे राहिलेल्या प्रवाशांचे पासपोर्ट खोलीच्या तिजोरीतून काढून बंदरावरच्या पोर्ट एजंटकडे (जहाजाच्या स्थानिक प्रतिनिधीकडे) देण्याची पद्धत आहे. पुढचं विमान किंवा ट्रेन मात्र आपल्या खिशातून. पुढचं बंदर शेंगेनच्या बाहेर असेल, म्हणजे तुर्कस्तान किंवा ट्युनिशिया, तर व्हिसाचा प्रश्नही उभा राहतो.

वेळेबाबत आणखी एक. जहाजावरची वेळ आणि किनाऱ्यावरची वेळ नेहमी एकच असेल असं नाही. इटलीहून ग्रीसला गेलात की तासाचा फरक पडतो आणि मोबाइल आपोआप बदलतो, जहाज मात्र कदाचित बदलत नाही. मनगटावर साधं घड्याळ ठेवा आणि ते जहाजाच्या वेळेला लावा.

बाहेरची टूर खरंच स्वस्त पडते का?

दोघंच असाल तर फरक फार नसतो. कुटुंब मोठं असेल तर असतो, कारण जहाजाचा दर माणशी आणि खासगी व्हॅनचा दर गाडीमागे. उदाहरणादाखल धरा, जहाजाची सहल माणशी ९० युरो. आई-वडील, आजी-आजोबा, दोन मुलं मिळून ५४० युरो. मुलांना सवलत असली तरी ४५०-५०० होतातच. त्याच पैशात सहा जणांची दिवसभराची व्हॅन अनेकदा मिळते, आणि आजींना बरं वाटत नसेल तर मध्येच परत फिरता येतं. पन्नास जणांच्या बसमध्ये ते शक्य नाही.

हिशोब करताना कार्डाचा फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते तो जादा आकार) किती, व्हॅनवाल्याच्या दरात टोल-पार्किंग धरलं आहे का, आणि प्रवेशतिकिटं कुणी काढायची, हे विचारून घ्या. इटलीत ड्रायव्हर आणि परवानाधारक गाइड हे वेगळे असतात. ड्रायव्हर दारापर्यंत सोडतो, आत येऊन माहिती सांगत नाही.

आम्ही मराठी टूर कंपनीच्या ग्रुपसोबत जातोय. आम्हाला हे सगळं लागू आहे का?

हो, आणि इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. टूर कंपनीनं स्वतः ठरवलेली कोच ही जहाजाची सहल नाही. चाळीस जण एकत्र असलात, सोबत टूर मॅनेजर असला, तरी थांबण्याची हमी त्या बसला मिळत नाही. चांगले टूर मॅनेजर हे जाणून असतात आणि भरपूर वेळ राखून परत फिरतात. त्यांनी तीन वाजता बसमध्ये बसायला सांगितलं तर कुरकुर करू नका.

बुकिंग करताना एकच प्रश्न लेखी विचारा: कोणत्या बंदरावरची सहल दरात धरलेली आहे आणि कोणती ऑप्शनल आहे? ‘रोम दर्शन’ एवढंच लिहिलेलं असेल तर कोलोसियम आतून की बसच्या खिडकीतून, हेही विचारा.

ग्रीसच्या सान्तोरिनी बेटासारख्या ठिकाणी लहान बोटीनं उतरवतात म्हणे?

बरोबर. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रात थांबतं आणि टेंडर बोटींनी माणसं नेतात. जहाजाची सहल घेतलेल्यांना आधी सोडतात, बाकीचे नंबर घेऊन थांबतात. जुन्या धक्क्यावरून वर ‘फिरा’ नावाच्या गावात जायला रोपवे, सुमारे ५८० पायऱ्या किंवा खेचरं. खेचरांवर बसू नका, त्या उन्हात आणि त्या चढावर त्यांचे फार हाल होतात. जहाजाच्या सहलीवाल्यांना सहसा अथिनिओस बंदरावर उतरवून बसनं वर नेतात. परतताना मात्र रोपवेची रांग सगळ्यांनाच असते आणि दोन-तीन जहाजं एकाच दिवशी आली तर ती तासाच्या वर जाते. बेटावरच्या ओइया गावाला जाऊन यायचं असेल तर इथे जहाजाची सहल घेण्यात शहाणपण आहे.

किती आधी बुक करावं? आणि नंतर बेत बदलला तर?

क्रूझ कंपनीची सहल सुटण्याच्या दीड-दोन महिने आधी बघायला लागा. जहाजावर जाऊनही घेता येते, पण रोम-पॉम्पेईच्या इंग्रजी गाइडच्या बस तोवर भरलेल्या असू शकतात. युरोपियन कंपन्यांच्या जहाजांवर इटालियन, स्पॅनिश, जर्मन, फ्रेंच असे भाषावार गट असतात. त्यामुळे बुक करताना भाषा इंग्रजीच आहे ना, हे डोळ्यांनी बघा. दोन भाषांचा एकत्र गट असेल तर गाइडचा निम्मा वेळ तुम्हाला न कळणाऱ्या भाषेत जातो.

जहाजाच्या सहली बहुतेक कंपन्यांत ठरावीक मुदतीपर्यंत, बऱ्याचदा एक-दोन दिवस आधीपर्यंत, रद्द करता येतात. मुदत कंपनीगणिक आणि सहलीगणिक बदलते, ती वाचा. म्हणून शंका असेल तर आधी बुक करून ठेवणं आणि मग सोडणं, हे उलट करण्यापेक्षा सोयीचं. कोलोसियम, पॉम्पेईची नावानिशी तिकिटं मात्र परत होतील असं धरूच नका.

वाऱ्यामुळे बंदरच रद्द झालं तर?

जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे आपोआप परत जमा होतात. बाहेरच्या टूरवाल्याला पैसे देण्याआधी ‘जहाज बंदराला लागलंच नाही तर पूर्ण परतावा’ हे वाक्य त्याच्या अटींमध्ये शोधा. बरेच चांगले टूरवाले ते देतात. नसेल तर दुसरा बघा.

जहाजाच्या सहलीच्या दिवशी सकाळी नेमकं काय होतं?

नाश्ता लवकर उरकून थिएटरमध्ये जमायचं. तिथे शर्टावर लावायला नंबराचा स्टिकर मिळतो. नंबर पुकारला की हातात पाटी धरलेल्या माणसामागे रांगेनं खाली. बसमध्ये गळ्यात अडकवायचं रिसीव्हर आणि कानात घालायचा इअरपीस देतात, त्यामुळे गाइडपासून वीस पावलं मागे राहिलात तरी ऐकू येतं. स्टिकर संपूर्ण दिवस काढू नका. परत येताना दहा सारख्या बसमधून आपली बस त्याच नंबरावर सापडते.

आजी-आजोबांना झेपेल का?

सहलीच्या वर्णनात चालण्याची पातळी दिलेली असते, पण ती वाचून पुरेसं कळत नाही. पॉम्पेईचे दगड उंचसखल आहेत, सावली फारशी नाही आणि जुलैत ऊन करपवतं. गुडघ्याचं दुखणं असेल तर तिथे नेऊ नका. नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात न्या. पॉम्पेईतून काढलेली मोझेक आणि भित्तिचित्रं तिथेच आहेत. ते मंगळवारी बंद असतं. रोममध्येही छोट्या फरशांचे रस्ते, म्हणून नवे बूट नकोत. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, त्यामुळे साडी किंवा सलवार-कमीज नेसलेल्यांना काहीच अडचण येत नाही. अडवतात ते हाफ पँटमधल्या नातवंडांना.

शाकाहारी जेवणाचं काय?

सहलीत जेवण धरलेलं असेल तर शाकाहारी असल्याचं बुक करतानाच कळवा आणि गाइडला सकाळी पुन्हा सांगा. इटलीत मार्गेरिता पिझ्झा, फोकाच्चा, टोमॅटोचा पास्ता सगळीकडे मिळतो. जैन कुटुंबांनी खाकरा, भाजणीच्या चकल्या असा कोरडा बंद खाऊ सोबत ठेवावा. जहाजाच्या बुफेतलं अन्न डब्यात भरून खाली नेऊ नका, बहुतेक जहाजांवर त्याला मनाई असते.

मुंबईहून निघणाऱ्या क्रूझसाठीही हाच सल्ला का?

गोव्यासाठी आधी बुकिंगची गरज नाही. मुरगावला उतरून टॅक्सी करा, भाडं आणि परत सोडायची वेळ गाडीत बसण्यापूर्वी ठरवा. पणजी साधारण ३० किलोमीटर आहे आणि संध्याकाळी वाटेत वाहतूक तुंबू शकते. लक्षद्वीपचं वेगळं: तिथे उतरायला प्रवेश परवाना लागतो आणि बेटावर टेंडर बोटीनं न्यावं लागतं, म्हणून जे काही करायचं ते क्रूझमार्फतच आणि आधी ठरवून.

खाली उतरताना जवळ काय असावं?

क्रूझ कार्ड, पासपोर्टची छायाप्रत आणि व्हिसाच्या पानाचा फोटो, थोडे रोख युरो, नावानिशी तिकिटाच्या ठिकाणी ओळखपत्र. तिकिटं मोबाइलमध्ये डाउनलोड करून ठेवा, जहाजाचं वायफाय किनाऱ्यावर चालत नाही. आणि आदल्या रात्री खोलीत येणारं किंवा अॅपवर दिसणारं दिवसाचं वेळापत्रक असतं, त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा. त्यावर परत चढायची शेवटची वेळ असते, आणि बहुतेक वेळा खाली बारीक अक्षरात त्या बंदराच्या पोर्ट एजंटचा फोन नंबरही.